प्रश्न क्रमांक सात

मला बोलायला येऊ लागलं त्याला आता वर्ष झालं. म्हणजे बोलता आधीही येत होतं, पण वर्गात हात वर करून बोलणं, अनोळखी माणसाचा फोन उचलणं, बेकरीच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्या बाईला 'माझा नंबर आहे' म्हणणं, हे येत नव्हतं. ते मला रामोनाने शिकवलं. आणि ते बोलणं मी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने कुठे वापरलं, तर तिच्याच मुळावर. मुद्दाम नाही. पण 'मुद्दाम नाही' हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता ते माझं मलाच खोटं वाटायला लागलंय.

रामोना लुटहार्ट म्हणजे आमच्या एल्लरबाखची आमदार. डाव्यांची. एरफुर्टच्या विधानसभेत चार वेळा निवडून गेलेली. पण गावात तिला आमदारबाई वगैरे कोणी म्हणत नाही, 'शिट्टी' म्हणतात, कारण आधी ती आमच्या पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक होती. बर्लिनची भिंत पडली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आमच्याकडे एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी काचेचा कारखाना, मग सिनेमा, मग कारखान्याचं पाळणाघर. शेवटी नगरपालिकेने तलावातलं पाणी सोडून दिलं. तर ही बाई गळ्यात शिट्टी घालून रिकाम्या तलावात उतरली आणि खोल बाजूला, तळाशी, गादी टाकून बसली. दुसऱ्या दिवशी तिथे नऊ जण होते, आठवड्याने दीडशे. माझी आई तेव्हा आठ वर्षांची होती, ती त्या तळाशी बसून सूप प्यायलीय. बाराव्या दिवशी नगराध्यक्ष कोट-टायसकट शिडी उतरून खाली आला आणि म्हणाला, 'ठीक आहे, पाणी भरू.' तिथून रामोना नगरपालिकेत गेली, तिथून जिल्ह्यात, तिथून विधानसभेत. एकदा तिने भर सभागृहात शिट्टी वाजवली होती, मंत्र्याला डुलकी लागली होती म्हणून. अध्यक्षांनी तिला समज दिली. ते समजेचं पत्र तिच्या ऑफिसात संडासाच्या दारावर लावलेलं आहे.

आमच्या शाळेत नववीत दोन आठवडे कुठेतरी काम करावं लागतं. माझ्या मैत्रिणींनी घोड्यांचा तबेला, दवाखाना, केक बनवणारी अशी भारी भारी ठिकाणं पटकावली. मी कोणाला फोन करायलाच घाबरत होते, त्यामुळे जे उरलं ते मला मिळालं, आमदाराचं ऑफिस. आधी ते चपलांचं दुकान होतं, अजून आत रबराचा वास येतो.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नमस्कार लुटहार्टबाई, तुम्ही मला..."

"इथे सगळे एकमेकांना तू म्हणतात," ती म्हणाली. "तुला किती वर्षं झाली?"

"पंधरा."

"मला सत्तावन्न. तरी तू. विरोधी पक्षवाल्यांना मी तुम्ही म्हणते, म्हणजे त्यांना कळतं की मी चिडलेय. फोन वाजतोय, उचल."

"मी? काय बोलू?"

"कोण बोलतंय ते सांग आणि गप्प बस. पुढचं ते बोलतात."

मी उचलला आणि कुजबुजले. तिने हातातला पाव खाली ठेवला. "टाबेआ, तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोरगं बुडतंय. त्याला ऐकू जायला हवंय. परत."

दोन आठवडे मी बुडणाऱ्या पोराशी बोलत होते. दुसऱ्या आठवड्यात एका आजोबांनी फोनवरच मला विचारलं की तुम्ही आमदार का. मी इतकी खूश झाले की घरी जाऊन आईशी पण त्याच आवाजात बोलले, आणि आईने टीव्ही बंद केला. काम संपलं तरी मी दर मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर जात राहिले. कोणी जा म्हणालं नाही. हळूहळू टपाल माझ्याकडे आलं, मग तक्रारींची वही, आणि मग नोव्हेंबरात रामोना म्हणाली, "एक छोटा प्रश्न लिहिशील?"

छोटा प्रश्न हे आमच्या विधानसभेत एका गोष्टीचं नावच आहे. आमदाराने लेखी प्रश्न पाठवायचे आणि सरकारने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यायचं. टाळता येत नाही. प्रश्न आणि उत्तर छापलं जातं, त्याला नंबर मिळतो, आणि मग ते कायमचं तिथे राहतं, कोणीही वाचू शकतं. रामोना म्हणायची की भाषणं हवेत जातात, छोटा प्रश्न कागदावर बसतो. चार वेळच्या आमदारकीत तिने साडेसहाशे विचारले होते. बसथांबे, दाई, शाळेच्या जेवणातली वांगी-टोमॅटो कुठून येतात, सगळं.

या वेळचा विषय तलाव होता. वीज आणि गॅस महागल्यामुळे लहान गावांचे तलाव चालवणं परवडत नव्हतं, आणि राज्याने पैसे द्यावेत म्हणून तिला आधी आकडे हवे होते. मी सहा प्रश्न लिहिले. राज्यात किती तलाव आहेत, किती शाळा तिथे पोहायला जातात, वगैरे. लिहिताना मला वाटत होतं की मी आता मंत्र्यालाच समोर बसवून विचारतेय. आणि त्या भरात मी सातवा लिहिला.

त्याचं असं झालं की आमच्या तलावात चौथ्या पट्ट्याच्या टोकाला एक बादली असायची. छतातून पाणी ठिबकायचं. छत लाकडी आहे, मोठमोठ्या चिकटवलेल्या तुळयांचं, आणि त्या जागी तुळई काळी पडली होती. मी ऊडोला, म्हणजे आताच्या जीवरक्षकाला, विचारलं होतं की हे काय आहे.

"बादली," ऊडो म्हणाला.

"वर काय आहे?"

"पोहताना वर बघायचं नसतं, टाबेआ. नाकात पाणी जातं."

आम्ही सगळे हसलो होतो. गावात सगळ्यांना ती बादली माहीत होती. ती कोणीतरी दर तासाला रिकामी करायचं, आणि बास. आता मी लिहिलं: 'एल्लरबाखच्या तलावाच्या छताची तपासणी झालेली आहे का?' माझ्या मनात एवढंच होतं की सरकारने छतासाठीपण पैसे द्यावेत. शपथेवर सांगते, एवढंच.

गुरुवारी मी तो कागद रामोनाच्या सह्यांच्या फायलीत ठेवला. शुक्रवारी सकाळी शाळेच्या आधी मी टपाल द्यायला गेले तेव्हा ती सह्या करत होती. फोन मानेने खांद्याला धरलेला, एका हातात चीजचा पाव, दुसऱ्यात पेन. फायलीची पानं उलटत होती आणि खाली न बघता सही, सही, सही. माझ्या प्रश्नावरही तशीच. मग तिने फाइल बॅगेत कोंबली आणि एरफुर्टची गाडी पकडायला पळाली. मी ते पाहिलं आणि मला हसू आलं. मी मनात म्हटलं, बघ, किती विश्वास आहे हिचा माझ्यावर.

उत्तर जानेवारीत छापून आलं. माझा सातवा प्रश्न छापताना सरकारी भाषेत गेला होता: 'एल्लरबाख येथील तलावाच्या छताच्या तुळयांची भार सहन करण्याच्या दृष्टीने शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली?' एरफुर्टच्या ऑफिसातल्या लोकांनी इस्त्री केली असणार, असं मला वाटलं. आणि खाली उत्तर होतं, एका ओळीचं. '१४ मार्च १९९९. त्यानंतरच्या तपासणीची नोंद उपलब्ध नाही.'

कागदावर बसलं. आता जिल्ह्याच्या बांधकाम खात्यालाही ते वाचावंच लागलं. नऊ दिवसांनी तलावाच्या दाराला साखळी आणि पिवळा कागद लागला. पुढच्या आठवड्यात माणूस येऊन तुळयांना भोकं पाडून गेला आणि म्हणाला की छत उतरवावं लागेल, आणि त्याचा खर्च ऐकून नगराध्यक्षांनी सांगितलं की तलाव आता उघडणार नाही. या वर्षी नाही असं नाही. उघडणार नाही.

त्यानंतर गावात कोणाला काही समजावणं शक्य नव्हतं. तिसरीतली पोरं पोहायला शिकण्यासाठी पंचवीस किलोमीटरवर बसने जायला लागली, म्हणजे अर्धी जाईनातच. पाण्यात व्यायाम करणाऱ्या बायकांचा गट होता, त्यांनी ऑफिसच्या काचेवर त्यांच्या फुलाफुलांच्या पोहायच्या टोप्या चिकटवल्या, बावीस. खाली लिहिलं, 'धन्यवाद, शिट्टी.' बेकरीत माझ्यासमोर एक बाई म्हणाली, "गादी टाकून वाचवला आणि कागद टाकून बंद केला." सगळी रांग हसली. मीही त्या रांगेत होते. मी चार पाव घेतले आणि सुटे परत घ्यायचे विसरले.

मी रामोनाला सांगायला गेले. म्हणजे दर मंगळवारी जात होते आणि दर मंगळवारी सांगणार होते. एकदा तर मी सुरुवातही केली. "रामोना, तो सातवा प्रश्न..."

ती टोप्या काढून बादलीत टाकत होती. "प्रश्न माझा आहे," ती म्हणाली. "खाली सही माझी आहे. तू गणिताचं बघ, तुला त्यात चार आहे."

आमच्याकडे चार म्हणजे जेमतेम पास. मी गणिताचं बघितलं. पण रोज मला तेच दिसायचं, चीजचा पाव आणि न बघता केलेली सही. तिला माहीतही नव्हतं ती कशाखाली सही करतेय, आणि आता सगळं गाव तिला बोलत होतं, आणि ती माझं नाव घेत नव्हती. माझं जेवण जाईना. आईला वाटलं मी प्रेमात पडले.

सप्टेंबरात निवडणूक होती आणि त्याआधी मार्चमध्ये पक्षाची उमेदवार ठरवायची सभा. इतकी वर्षं रामोनाच्या विरुद्ध कोणी उभंच राहायचं नाही. या वेळी हेन्ड्रिक उभा राहिला. तो आमच्याच गावचा, चौतीस वर्षांचा, कामगार संघटनेत नोकरी करणारा, आणि वाईट माणूस अजिबात नाही, हे मला सांगायलाच हवं. त्याच्या दोन्ही मुली तिसरीत होत्या.

सभा शनिवारी सकाळी दहाला, बागवाल्यांच्या क्लबात. बाहेर ब्राटवुर्स्टचे सॉसेज भाजायला लावलेले, आत थर्मासमधली कॉफी आणि मनुकांचा केक. मत देणारे एक्केचाळीस सभासद. मी सभासद नव्हते, पाहुणी म्हणून मागच्या खुर्चीवर. गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या 'अन्नगाडी'च्या ताई, निवृत्त शिक्षक, रेल्वेतले दोघं, सगळे ओळखीचे. स्थानिक वर्तमानपत्राचे फोग्ट खिडकीपाशी वही घेऊन बसले होते. सभा चालवत होता डेटलेफ, आमच्या जिल्हा शाखेचा अध्यक्ष, ज्याला माइक हातात आला की आधी त्यात फुंकर मारल्याशिवाय राहवत नाही.

हेन्ड्रिक चांगलं बोलला. म्हणाला की रामोनाबद्दल आदर आहे, पण दारोदार गेल्यावर लोक एकच विचारतात, आणि त्याचं उत्तर आपल्याकडे नाही.

मग रामोना उठली. माइक घेतला नाही.

"उत्तर आहे," ती म्हणाली. "ते छत केव्हाही खाली आलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मी त्या बादलीशेजारून तीन वर्षं चालत गेले. मग मी विचारलं. तलाव बंद झाला ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे, आणि उद्या परत तोच प्रश्न समोर आला तर मी तो परत विचारीन. ज्याला हे चालत नसेल त्याने हेन्ड्रिकला मत द्यावं, तो चांगला मुलगा आहे. केक संपवा, बागवाल्यांना ताटं परत हवीत."

रेल्वेतल्या एकाने टेबलावर बोटांच्या पेरांनी ठोकलं, आमच्याकडे सभेत टाळ्यांच्या जागी असंच ठोकतात, मग दुसऱ्याने, आणि मग सगळीकडून टेबलं वाजायला लागली. पाण्यातल्या व्यायामवाल्यांपैकी एक काकू सभासद होत्या, त्याही वाजवत होत्या. डेटलेफ माझ्या शेजारून जाताना पुटपुटला, "झालं. जिंकली ती."

हे मी ऐकलं होतं. हे मला पुन्हा सांगायचंय, कारण घरी मी सांगितलं होतं की ती हरायला लागली म्हणून मी उठले. ती हरत नव्हती. ती जिंकत होती. मी उठले कारण तिने माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि त्यावर टाळ्याही मिळवल्या, आणि मी मागे बसून केक खात होते, आणि मला ते एक मिनिटभरही सहन होईना. मला मोकळं व्हायचं होतं. मी हात वर केला. वर्षापूर्वी तो हात वर गेलाच नसता.

डेटलेफने माइकमध्ये फुंकर मारली. "पाहुण्या मुलीला बोलू द्यायचं का? विरोध कोणाचा? कोणाचाच नाही. बोल."

रामोनाने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं आणि जराशी हलवली. आडवी. ते मी पाहिलं आणि त्याचा अर्थ मी घेतला, की ती मला वाचवतेय.

आणि मी बोलले. पोटातून, तलावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. मी म्हटलं की सातवा प्रश्न रामोनाचा नाही, माझा आहे. मी सोळा वर्षांची आहे, मला छतांतलं काही कळत नाही, मी तो शेवटी घुसवला. तिने तो विचारला नाही, तिने तो वाचलासुद्धा नाही, मी स्वतः पाहिलंय, ती फोनवर होती, पाव खात होती आणि खाली न बघता सही केली. "तिला काही माहीत नव्हतं," मी म्हटलं. "तिला दोष देऊ नका. मला द्या." माझा आवाज एकदाही फाटला नाही. मी खाली बसले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं, जानेवारीपासून पहिल्यांदा.

मग मला जाणवलं की टेबलं वाजत नाहीयेत.

हेन्ड्रिक उभा राहिला. तो चिडलेला नव्हता, त्याला खरंच प्रश्न पडला होता. "रामोना, एक मिनिट. तू आत्ता म्हणालीस की तू विचारलंस. बादलीशेजारून चाललीस, मग विचारलंस. आणि ही म्हणतेय तू न वाचता सही केलीस?"

"मी वाचला होता," रामोना म्हणाली.

"ती म्हणतेय तिने पाहिलं."

"तिने सही करताना पाहिलं. मी जे सही करते ते वाचते. हेन्ड्रिक, साडेसहाशे केलेत मी."

आणि तेव्हा सगळं सभागृह प्रेमाने हसलं. मला ते हसू अजून दिसतं. कोणी टोमणा मारला नाही, कोणी ओरडलं नाही. टेबलं वाजवणाऱ्या त्या काकूंनी डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "बघ, पोरीला सांभाळून घेतेय. अशीच आहे ती पहिल्यापासून." त्यांच्या दृष्टीने ती आता एक मायाळू बाई होती, जी न वाचता सह्या करते.

मतदान गुप्त होतं, चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात. हेन्ड्रिक बावीस, रामोना एकोणीस.

तिने हेन्ड्रिकला मिठी मारली, डेटलेफला मिठी मारली, बागवाल्यांची ताटं गोळा केली. लोक तिच्यापेक्षा माझ्याशी जास्त हात मिळवत होते. निवृत्त शिक्षक म्हणाले, "राजकारणात असा खरेपणा मी बघितलेला नाही." फोग्टांनी खिडकीपासूनच माझा फोटो काढला.

रामोना मला घरी सोडायला निघाली. तिच्या गाडीत मागच्या सीटवर अजून जुनी पोस्टरं होती, प्रत्येक निवडणुकीतली, तिचे केस दर वेळी आखूड होत गेलेले.

मी म्हटलं, "तू माझ्यासाठी खोटं बोललीस. नको होतंस बोलायला."

"मी खोटं बोलले नाही."

"रामोना, मी होते तिथे. शुक्रवारी. तू बघितलंसुद्धा नाहीस."

"शुक्रवारी कशाला बघू? गुरुवारी संध्याकाळी फाइल घरी नेली होती. तुझे सातही प्रश्न मी स्वतः परत टाइप केले, सहा जसेच्या तसे. सातवा बदलला." तिने लाल दिव्याला गाडी थांबवली. "तू काय लिहिलं होतंस?"

"छताची तपासणी झालेली आहे का."

"झालेली आहे का असं विचारलं की सरकार म्हणतं, हो. एकोणीसशे नव्याण्णवची असली तरी हो. आणि विषय संपला. म्हणून आहे का विचारायचं नाही, कोणत्या तारखेला ते विचारायचं. छापलंय काय?"

छापलेला प्रश्न मला पाठ होता.

"एरफुर्टवाल्यांनी केलं असं वाटलं तुला," ती म्हणाली.

"हो."

"ते स्वल्पविरामसुद्धा बदलत नाहीत. आळशी आहेत."

दिवा हिरवा झाला. मागून कोणीतरी हॉर्न दिला, मग ती निघाली.

"तुझ्या प्रश्नाने तलाव बंद झाला नसता, टाबेआ. माझ्या झाला. आठवड्याला दोनशे पोरं त्या छताखाली, आणि मी जीवरक्षक. तू विचारलंस म्हटल्यावर मला न विचारता बसणं जमलं नाही. मला माहीत होतं काय उत्तर येईल आणि त्याने माझं काय होईल. स्वयंपाकघरात बसून मी तासभर विचार केला, तुला खोटं कशाला सांगू, दोन तास. मग तारीख घातली." मग तिचा आवाज जरा बदलला. "इतक्या वर्षांत मी केलेलं ते सगळ्यात धाडसाचं काम होतं. आता कोणाला ते मी केलं असं वाटणार नाही."

मला वाटलं मी आता रडेन, पण रडण्याचा हक्क माझा नव्हता, एवढं मला कळत होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. "मी म्हणाले होते ना, तो सातवा प्रश्न. तू म्हणालीस गणिताचं बघ."

"हो. ते चुकलं माझं." तिने आमच्या गल्लीत गाडी वळवली. "मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर नको हे ओझं. तुझं आहे म्हटलं तर ओझं, माझं आहे म्हटलं की संपलं, असं वाटलं. पण तू चार महिने दर मंगळवारी-गुरुवारी माझ्यासमोर बसत होतीस. फोनवर मंत्रालयाला प्रश्न विचारत होतीस. मला एकदा विचारायचं होतंस, 'रामोना, तू वाचला होतास का?' एवढंच."

"मी जाऊन सांगते. आत्ता. डेटलेफला."

"काय सांगशील?"

"की तू वाचला होतास."

"ते मी सांगितलं की त्यांना. तू ऐकलंस ना, कसे हसले."

आमच्या घरापाशी तिने गाडी थांबवली आणि माझ्या बाजूचं दार आतून उघडून दिलं, ते बाहेरून उघडत नाही. मी उतरत नव्हते. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि ती चिडलेली होतीही, पण दमलेली जास्त होती.

"जा," ती म्हणाली. "मला आता घरी जाऊन नवऱ्याला सांगायचंय की सप्टेंबरनंतर मी रोज घरी असणार. त्याची काय अवस्था होईल याचा विचार कर."

घरात शिरले तर आईच्या फोनवर निरोपांचा पाऊस. आईने मला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. "सगळे तुझं नाव घेतायत," ती म्हणाली. "माझी मुलगी. जी बेकरीत पाव मागायची नाही." मी तिला सगळं सांगितलं, गाडीतलं सगळं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "रामोना मोठ्या मनाची आहे गं. तुला वाईट वाटू नये म्हणून किती करते."

डेटलेफलाही मी फोन केला. तो म्हणाला, "टाबेआ, इतिवृत्तात मी दोन्ही लिहिलंय, तू म्हणालीस ते आणि ती म्हणाली ते." मी म्हटलं की माझं खोडा. तो म्हणाला, इतिवृत्तातून काही खोडता येत नाही, आणि तसंही सभेत सभासदत्वाचा फॉर्म भरायला विसरलीस का, हेन्ड्रिकला तुझ्यासारख्यांची गरज आहे.

रविवारी दुपारी फोग्टांचा फोन आला. मी उचलला, कोण बोलतंय ते सांगितलं आणि गप्प बसले. ते म्हणाले की सोमवारच्या अंकात पान तीनवर येतंय, फोटोसकट, फक्त एक-दोन गोष्टी पक्क्या करायच्यात.

"माझं चुकलं होतं," मी म्हटलं. "रामोनाने प्रश्न वाचला होता. तिनेच तो बदलला. तारीख तिने घातली. ते छापा."

"हो हो, ती म्हणाली तसं सभेत. आहे माझ्याकडे. शेवटी घेतलंय मी ते, छान शेवट होतो."

"पण ते खरं आहे."

"टाबेआ," ते म्हणाले, अगदी मायेने, "तुम्ही दोघी एकमेकींना सांभाळून घेताय, ते लोकांना कळतं. लोक मूर्ख नसतात."

मी तिसऱ्यांदा सांगितलं. पोटातून सांगितलं. माझा आवाज आता खरंच छान लागतो, स्वच्छ, न अडखळता, आणि त्या आवाजात मी काहीही सांगितलं तरी ते धाडसी वाटतं. पलीकडे कीबोर्डचा आवाज येत होता. तो थांबला.

"आडनाव कसं लिहायचं तेवढं सांग. त्शीग्नर. सुरुवातीला नुसतं त्सेट हे अक्षर आहे का?"

मला फोन ठेवून द्यायचा होता. मी आडनावाची अक्षरं सांगितली, एकेक करून, आणि ते मध्ये चुकले तिथे दुरुस्तही केलं.